भट्टीवरून उचलली, देव्हाऱ्यात बसवली

देव कुठे भेटतो असं तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं तडक सांगितलं असतं, गरम लोखंडापाशी. पण मठात हा प्रश्न कुणी विचारत नाही. देव चॅपेलमध्ये, गुडघे टेकून, डोळे मिटून भेटतो हे तिथे आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे तिची पंचाईत झाली, आणि ती पंचाईत कुणाला कळली नाही, ही तिच्या आयुष्याची खरी गोष्ट.

घरी तिला ठिणगी म्हणत. बापाचं इस्त्रीचं दुकान होतं. पुढे फळी, मागे बिऱ्हाड, आणि मध्ये एक पडदा, जो वाफेनं कायम ओलसर असायचा. आई कपडे धुवायची, बाप आणि दादा इस्त्री करायचे, आणि ठिणगीकडे कॉलरी आणि बाह्यांच्या कडा. कॉलर हे कटकटीचं काम. गिऱ्हाईक शर्टाची पाठ बघत नाही, कॉलर बघतं, आणि भांडायचं असलं की तिथूनच सुरुवात करतं. एकदा एक साहेब खिशावरचा निळा डाग घेऊन भांडायला आले. ही बापाच्या मागून पुढे आली नि म्हणाली, "डाग आमचा नाही, तुमच्या पेनाचा आहे. पुढच्या वेळी शर्टाबरोबर पेनही धुवायला आणा." बापानं साहेबांची माफी मागितली आणि साहेब गेल्यावर पोट धरून हसला.

अशा पोरीला एका दुपारी काहीतरी झालं. दुकानात ती एकटी होती. हात चालला होता, पाण्याचा शिपका, इस्त्री, वाफ, घडी. आणि मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय असं तिला वाटलं. भीती नाही वाटली. आई स्वयंपाकघरात आहे हे जसं न बघता माहीत असतं, तसं. वळून बघायची गरजच नव्हती. रस्त्यावरचे आवाज होते तसेच होते, पण जरा लांब सरकून बसल्यासारखे. हातातलं काम थांबलं नाही. उलट कॉलरी अशा बसल्या की ज्याचं नाव ते.

आई परत आल्यावर तिनं विचारलं, "आई, मगाशी इथे कुणी आलं होतं का गं?"

"कोण येणार? कॉलरी संपव."

तसं ते वर्षभरात आणखी दोनतीनदा झालं, दर वेळी इस्त्री हातात असतानाच. आता हिनं काय करावं? तिच्या जागी शहाणी बाई असती तर दुकानातच राहिली असती. पण रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य प्रार्थना, झाल्यावर फादरांनी सांगितलं होतं की गावाबाहेर एक बंदिस्त मठ आहे, तिथल्या बायका बाहेर पडत नाहीत, शिकवत नाहीत, दवाखाना चालवत नाहीत, फक्त देवाच्या सहवासात राहतात. ठिणगीनं हिशोब केला. जो इस्त्रीच्या दुकानात नुसता डोकावून जातो, तो तिथे बिऱ्हाड करून राहत असणार.

बाप म्हणाला, "तुझ्या जिभेला हाड नाही, आणि तिथे बोलायलाच बंदी. आठवडाभरात परत येशील."

दादा म्हणाला, "आठवडा कुठला? त्या बायकाच तिला संध्याकाळी आणून सोडतील."

ती परत आली नाही. हट्ट, दुसरं काय.

मठ म्हणजे उंच भिंत, एक बाग, लांब ओसऱ्या आणि घंटा. घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की जेवायचं, घंटा वाजली की तोंडातलं वाक्यसुद्धा अर्धं सोडून चॅपेलमध्ये जायचं. भेटायला आलेल्या नातेवाइकांशी बोलायचं ते लोखंडी जाळीच्या अलीकडून. जाळीलाही पडदा, त्यामुळे समोरच्याचा नुसता आकार दिसायचा. बाहेरची वस्तू आत यायची ती भिंतीतल्या फिरत्या कपाटातून. बाहेरच्यानं ठेवायची, कपाट फिरवायचं, आतलीनं उचलायची, कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही. मठात तिला एका संतिणीचं लांबलचक नाव मिळालं. ते कागदावरच राहिलं, कारण पुढे तिचं नाव भट्टीवालीच पडलं.

त्याआधीची पहिली काही वर्षं मात्र नुसती कोरडी. चॅपेलमध्ये बसायची, डोळे मिटायची, आणि तिला आपले गुडघे, बाकाचा खिळा आणि शेजारच्या सिस्टरच्या पोटातली गुरगुर एवढंच जाणवायचं. देव? नाव नाही. आपण पत्ता चुकलो की काय, असं तिला वाटायला लागलं होतं.

मग तिला ओस्त्या करायच्या कामावर टाकलं. मिस्साच्या वेळी फादर ज्या पातळ पांढऱ्या चकत्या वाटतात, त्या ओस्त्या. आसपासच्या सगळ्या चर्चना त्या या मठातून जात. बागेच्या टोकाला एक खोली, तिला भट्टीघर म्हणत. तिथे गॅसवर एक साचा, म्हणजे बिजागरीनं जोडलेल्या दोन जाड लोखंडी पाट्या, आतून क्रूस कोरलेला. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. पळीभर घोळ ओतायचा, साचा मिटायचा, कडेनं वाफ शिट्टी मारते, ती थांबली की उघडायचं. आत कागदासारखा पापुद्रा. तो रात्रभर दमट कपाटात ठेवायचा, नाहीतर कापताना तुकडे होतात. दुसऱ्या दिवशी एक जाडजूड, वयानं मोठी सिस्टर तो कापणीयंत्राखाली धरून चकत्या पाडायची. तिचं नाव आपसूक कापणीवाली.

भट्टीघरात उन्हाळ्यात जीव नको होतो. तिथे कुणी आनंदानं जात नसे. ठिणगीनं पहिली वाफ तोंडावर घेतली आणि तिला दुकान आठवलं. घोळ, साचा, वाफ, पापुद्रा. हात चालायला लागला. आणि एक दिवस, आवाज जरा लांब सरकले.

तोच होता. मागे येऊन उभा.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? मिस्साला येत नाही, भट्टीघरात येतो? वर्षं गेली. बाप गेला, ती जाळीआडून रडली. दादा ट्रक चालवायला लागला, त्याचं लग्न झालं. ही साच्यापाशी. कधी रोज यायचं ते, कधी दोनदोन महिने नाही. नाही आलं तर ती पुटपुटायची, "आज सुट्टी का?" आणि पुढचा पापुद्रा घालायची. अशा बाईला लोक काहीही म्हणोत, सुखी म्हणता आलं असतं.

घात केला एका जळलेल्या पापुद्र्यानं. त्या दिवशी ते आलं ते नेहमीसारखं मागे उभं राहिलं नाही. सगळी खोलीच त्यानं भरून गेली. हिच्या हातात पळी तशीच, साचा मिटलेला, वाफेची शिट्टी केव्हाच थांबलेली, आणि धूर खोलीबाहेर निघालेला. कापणीवालीनं आधी गॅस बंद केला. मग हिच्या तोंडाकडे बघितलं आणि धावत जाऊन मदरना घेऊन आली.

मदर म्हणजे मठाच्या प्रमुख. शिकलेल्या, मऊ बोलणाऱ्या, कुणाला टाकून बोलल्या नाहीत कधी. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्या दारात उभ्या राहिल्या, त्यांनी हिचा चेहरा पाहिला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आपल्यातल्या एकीवर एवढी कृपा होते, आणि आपण तिला धुरात राबवतोय. सिस्टर, आजपासून तुला सगळी कामं माफ. तू फक्त चॅपेलमध्ये बैस. आपल्या सगळ्यांसाठी."

माणसाला त्याच्या कामावरून काढायचे दोन मार्ग असतात. एक, हाकलून द्या. दोन, देव्हाऱ्यात बसवा. दुसरा जास्त खात्रीचा, कारण त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. घोषणा काय देणार? सन्मान मागे घ्या?

आणि मठात काम मागायचं नाही, दिलेलं नाकारायचं नाही, हा नियम. ती गप्प बसली. चॅपेलमध्ये तिला सगळ्यात पुढची जागा मिळाली. ती तिथे बसली, डोळे मिटले. गुडघे. खिळा. गुरगुर.

आठवडे गेले, महिने गेले. भट्टीघरात आता दुसरी कुणी होती, वाऱ्यावर पिठाचा वास यायचा आणि हिचे हात मांडीवर आपोआप पळी धरल्यासारखे वळायचे. शेवटी ती मदरकडे गेली.

"मदर, मला तिथे काहीच होत नाही. मी नुसती बसते."

मदर हसल्या. "मोठे आत्मे असंच म्हणतात."

"मी मोठी नाही हो. मला पाठीला रग लागते."

"किती नम्र आहेस तू."

पापांची कबुली ऐकायला येणारे फादर म्हातारे होते, कानानं अधू. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "फादर, मी ढोंगी आहे. लोकांना वाटतं मी देवाशी बोलते. आमची बोलाचाली बंद आहे."

"काय बंद आहे?"

"बोलाचाली!"

"अच्छा, अच्छा. ती आत्म्याची अंधारी रात्र, देव गप्प राहून परीक्षा घेतो ती. फार थोड्यांना मिळते. देवाचे आभार मान."

आता काय बोलायचं या माणसांशी? नाही म्हटलं तर नम्र, गप्प बसली तर गहन, चिडली तर परीक्षा चालू आहे. ज्या बाजूनं उतरायला जावं, त्या बाजूला आणखी एक पायरी चढवलेली. एकदा तर ती रागानं बाकावर हात आपटून उठली. संध्याकाळी जेवताना कुजबुज ऐकू आली की आज तिला सैतानाशी झुंजताना पाहिलं.

गोष्ट भिंतीबाहेर गेली. कशी गेली, कोण जाणे. जिथे बोलायला बंदी असते, तिथे बातमी जास्त पळते. फिरत्या कपाटात चिठ्ठ्या यायला लागल्या. मुलाला नोकरी लागू दे, सुनेला मूल होऊ दे, शेजाऱ्याचं कुत्रं मरू दे. मदर त्या तिच्यापुढे आणून ठेवायच्या. ती प्रत्येक चिठ्ठीसाठी प्रामाणिकपणे हात जोडायची, आणि प्रत्येक वेळी आपण खोट्या नोटा छापतोय असं तिला वाटायचं.

मग दादा आला.

भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे त्याचा मोठा आकार, डिझेलचा वास. मठाची रीत अशी की भेटीच्या वेळी आत एक दुसरी सिस्टर कोपऱ्यात बसून सगळं ऐकते, आणि गैर काही बोललं गेलं तर ते मदरना सांगणं तिचं कर्तव्य. त्या महिन्यात ऐकायचं काम कापणीवालीकडे होतं. ती शिवण घेऊन बसली होती.

"काय गं ठिणगे," दादा म्हणाला, "मोठी झालीस म्हणे. आमच्या ट्रकच्या क्लीनरनं मला विचारलं, त्या सिस्टर तुमच्या कोण? मी म्हटलं, लहानपणी माझ्या शर्टाला भोक पाडणारी, तीच."

"दादा, आई कशी आहे?"

"आईला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतो साधं ऑपरेशन आहे, पण आणखी उशीर केला तर अवघड होईल. ती ऐकत नाही."

"का?"

"का म्हणजे? तुझ्यामुळे. म्हणते, माझी पोर देवाशी बोलते, तिच्या तोंडच्या एका शब्दानं डोळे येतील, मी सुरी लावून घेऊ म्हणजे देवावर अविश्वास. परवा दारात ठेचकाळून पडली. तरी तेच."

ठिणगीनं जाळी दोन्ही हातांनी धरली. "तिला सांग, मला काही येत नाही. माझ्याकडे काही नाही."

"सांगितलं की. तुझ्या वहिनीनं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं. म्हणते, पोर नम्र आहे."

कोपऱ्यात सुई थांबली. ठिणगीला आधी हसू आलं. इतके दिवस ती स्वतःसाठी चडफडत होती. आता या देव्हाऱ्याच्या पायी आई आंधळी होणार होती.

शुक्रवारी मठात चुकांची बैठक असते. एकेक सिस्टर मध्ये येऊन गुडघे टेकते आणि नियमाविरुद्ध आपण काय केलं ते सगळ्यांसमोर सांगते. दार जोरात लावलं, ताटात अन्न टाकलं, असलं. ठिणगी मध्ये आली आणि घडाघडा बोलली. "मी इतके महिने चॅपेलमध्ये फुकट बसले. मला काही होत नाही, काही ऐकू येत नाही. तुम्ही मला मान दिलात तो मी घेतला. बाहेरच्या लोकांच्या चिठ्ठ्या घेतल्या. हे खोटं आहे आणि मला ते बंद करायचंय."

मग पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं डोळे पुसले. मदर म्हणाल्या, "सिस्टर्स, नम्रता म्हणजे काय, ते आज आपण बघितलं."

ठिणगी गुडघ्यांवरून उठली तेव्हा तिला वाटलं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. पण त्याचंही काहीतरी निघालं असतं.

तिनं मदरना एवढीच विनंती केली की आईला एकदा भेटायला आणवा. मदर आनंदानं हो म्हणाल्या. त्यांना वाटलं, आता चमत्कारच होणार.

आई आली. दादानं हाताला धरून आणलं. जाळीपलीकडे एक बुटका, वाकलेला आकार. हात पुढे करून खुर्ची चाचपत होता. कोपऱ्यात कापणीवाली.

आई हात जोडून बसली. स्वतःच्या पोरीपुढे. "सिस्टर," ती म्हणाली, "माझ्यासाठी शब्द टाका."

सिस्टर. टाका. अहोजाहो. ठिणगीच्या डोक्यात काहीतरी फाटकन तुटलं.

"आई, सिस्टर कुणाला म्हणतेस? मी काय शेजारीण आहे?"

"तसं नाही, तुम्ही आता…"

"तुम्ही? पोटची पोर आहे तुझी! मूर्ख बाई, डोळे गेले ते गेले, अक्कलपण गेली का? डॉक्टर एवढा घसा फोडून सांगतोय आणि तू दारात पडून तंगडी मोडून घेणार? कशाच्या जोरावर? माझ्या? अगं इथे माझं कुत्रंसुद्धा ऐकत नाही, देव कुठून ऐकणार! गेलं वर्षभर त्यानं माझ्याकडे ढुंकून बघितलं नाहीये. हरामखोर, भट्टीपाशी येत होता, इथे आणून बसवलं तर फिरकत नाही! आणि तू त्याच्या वशिल्यावर डोळे सोडून बसलीस?"

दादा खुर्चीत ताठ झाला. कोपऱ्यातली शिवण खाली पडली. ठिणगी आता थांबणारी नव्हती. तिनं आपल्या लहानपणापासूनचं आईचं सगळं काढलं. ताप लपवून धुणं धुतलेलं, बापाच्या खोकल्याला आज बघू उद्या बघू केलेलं, सगळं. जाळी हलत होती. शेवटी ती ओरडली, "ऑपरेशन केलं नाहीस तर परत इथे येऊ नकोस! येशील तर आंधळी होऊन नको येऊस!"

मग तिला दम लागला, आणि काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

जाळीपलीकडे आई हलत होती. रडतेय, असं आधी वाटलं. आई हसत होती. हसता हसता रडत होती, पण मुळात हसत होती.

"दादा, अरे," ती म्हणाली, "ही तीच आहे रे. मला वाटलं, गेली. लोक म्हणाले संत झाली, मी मनात म्हटलं, म्हणजे माझी पोर गेली. मग निदान देवाकडचं तरी काही मिळू दे." तिनं नाक पुसलं. "काय ते ऑपरेशन, कर बाबा कधीचं ठरवायचं ते. नाहीतर ही जाळी तोडून बाहेर येईल."

कापणीवालीनं आपलं कर्तव्य केलं. संध्याकाळी मदरसमोर जाऊन तिनं सगळं सांगितलं, शब्दान्‌शब्द. मूर्ख, अक्कल, कुत्रं. आणि तो देवाला लावलेला शब्द, तो सांगताना तिनं म्हणे स्वतःवर क्रूसाची खूण केली आणि मग तो जरा मोठ्यानं सांगितला.

नम्रतेत हे बसत नव्हतं. अंधाऱ्या रात्रीतही बसत नव्हतं. आईला मूर्ख आणि देवाला हरामखोर म्हणणारी संतीण मदरनी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग दिसला, आणि ठिणगीला तो बघून इतकं हायसं वाटलं की तिनं मान खाली घालून ओठ चावले.

पुढची जागा गेली. चिठ्ठ्या बंद झाल्या. लांबलचक मौन मिळालं शिक्षा म्हणून. आणि ऐन उन्हाळा होता, भट्टीघरातल्या सिस्टरला चक्कर आली होती, तिथे जायला कुणी तयार नव्हतं. मदर कोरडेपणानं म्हणाल्या, "तू जा तिथे."

ती गेली. म्हणजे काय, पळतच गेली. गॅस लावला, साचा तापवला, घोळ ढवळला. पळी ओतली, साचा मिटला, वाफेनं शिट्टी मारली. ती डोळे न मिटता थांबली.

वाफ. घाम. गॅसचा वास.

दुसरा पापुद्रा. दहावा. दुसरा दिवस. आठवडा. काही नाही. मागे कुणी नाही. फिरत्या कपाटातून दादाचा निरोप आला की आईचा एक डोळा झाला, पट्टी सुटल्यावर तिनं आधी दादाच्या शर्टाची कॉलर बघितली आणि सुनेला बोलली. ठिणगी ते वाचून हसली, आणि परत साच्याकडे वळली. आणि काही नाही.

एका दुपारी तिचा पारा चढला. शिक्षेचं मौन होतं, तरी ती वर बघून बोललीच. "आता काय हवंय? तिथे नव्हतास, म्हटलं इथे असशील. सगळ्यांच्या शिव्या खाऊन इथवर आले. दमवतोस का मला?"

शेजारच्या खोलीतून कापणीयंत्राचा खटखटाट थांबला. कापणीवाली दारात आली, पिठानं पांढरी.

"हळू बोल. मला परत जाऊन सांगावं लागेल."

"सांग. जरा मोठ्यानं सांग, गेल्या वेळेसारखं."

कापणीवालीनं हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "गेल्या वेळी धूर झाला तेव्हा मी मदरना बोलवायला नको होतं. नुसता गॅस बंद केला असता, झालं असतं." आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "तुझे कालचे पापुद्रे जाड आलेत. चकती पडताना आवाज करते. लक्ष कुठेय तुझं?"

"जाड? माझे? तुझ्या यंत्राची धार गेलीय!"

"धार कालच लावली."

"मग डोळे तपास. माझ्या आईचा डॉक्टर सांगू?"

दोघी बराच वेळ त्यावर भांडल्या, शिक्षेचं मौन शिल्लक असताना. मग कापणीवाली पाय आपटत गेली आणि खटखटाट परत सुरू झाला. ठिणगीनं घोळात थोडं पाणी घातलं, ढवळलं, पातळ धार बघितली. ओतली. मिटलं. शिट्टी. उघडलं. पापुद्रा एवढा पातळ की पलीकडचं बोट दिसावं. दुसरा. तिसरा. रागातच हात चालायला लागला.

त्या दुपारी किंवा त्यानंतर कधी ते परत आलं की नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मदरना नाही, म्हाताऱ्या फादरांना नाही, दादाला नाही. एकदा ते बाहेर फुटलं की काय होतं, ते तिनं बघितलं होतं. नवीन आलेली एखादी सिस्टर भट्टीघरात डोकावून, डोळे मोठे करून विचारायची, "सिस्टर, खरंच का हो, तुम्हाला इथे…?"

"साचा तापलाय," ती म्हणायची. "बाजूला हो."